रायफल अचूक कशी होते? खर्चाआधी माप घेणाऱ्या जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट



एरवी आपण इथे फोन, कॅमेरा आणि प्रोसेसरबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज मी तुम्हाला अशा एका माणसाची ओळख करून देणार आहे, ज्याचं काम तुमच्या घरातल्या नळात आहे, मोबाइलच्या ट्रायपॉडमध्ये आहे आणि ऑलिम्पिकच्या रायफलमध्येही आहे. नाव सर जोसेफ व्हिटवर्थ. पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण त्या चुकीमुळेच मी या माणसापर्यंत पोहोचलो.

चूक माझी, पैसे मामाचे

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या दिवशी माझा मामेभाऊ टीव्हीसमोरून हललाच नाही. तो स्वतः क्लबमध्ये नेमबाजी करतो. आधी १० मीटर एअर रायफल करायचा, आता .२२ ची बोल्ट-ॲक्शन रायफल चालवतो. बोल्ट-ॲक्शन म्हणजे काय, तर दाराच्या कडीसारखा दांडा हाताने मागे ओढायचा, काडतूस आत ठेवायचं, दांडा पुढे ढकलून खाली फिरवायचा. तो दांडा म्हणजे बोल्ट. तो नळीचं मागचं तोंड घट्ट बंद करतो.

भावाची रायफल क्लबची, जुनी, कंपनीतून आली तशीच. त्याचा स्कोअर एका जागी अडकला होता. घरात टेक्निकलवाला मीच, म्हणून त्याने मला विचारलं, की दादा, यात काय अपग्रेड करू. मी फोनच्या बाबतीत करतो तेच केलं. चार व्हिडिओ बघितले, यादी बनवली आणि पाठवून दिली. मागची दुर्बिणीसारखी साइट बदल, दस्त्यावर गाल टेकवायचा ॲडजस्टेबल तुकडा लाव, चाप हलका करून घे. मामाने उसाच्या बिलातून चाळीस हजार काढून दिले.

दोन महिने झाले. स्कोअर जिथल्या तिथे.

मग क्लबच्या कोचने एक साधी गोष्ट केली. रायफल भावाच्या हातातून काढून टेबलावर पक्क्या आधारावर ठेवली आणि वेगवेगळ्या लॉटच्या काडतुसांच्या दहा-दहा गोळ्या मारून कागदावरची भोकं मोजली. भोकं खूप पसरलेली होती. म्हणजे दोष भावाच्या नेमात नव्हताच. कोचने दस्ता आणि यंत्र जोडणारे दोन स्क्रू तपासले. एक ढिला, एक फार आवळलेला. दोन्ही टॉर्क रेंचने सारखे आवळले, काडतुसांचा लॉट बदलला आणि भोकांचा पसारा निम्म्यावर आला. खर्च जवळपास शून्य.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. माझे बाबा आयुष्यभर लेथवर टर्नर होते. त्यांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, की कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, आधी माप घे आणि मग हत्याराला हात लाव. मग त्यांनी व्हिटवर्थ आट्यांचं नाव घेतलं. स्क्रूवर जी वळणं असतात त्यांना आपण आटे म्हणतो. व्हिटवर्थ हे आट्याच्या एका प्रकाराचं नाव आहे एवढंच बाबांना माहीत होतं. तो माणूस होता, हे मी शोधून काढलं. आणि त्याची गोष्ट वाचताना मला माझीच चूक दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी दुरुस्त करून ठेवलेली दिसली.

मास्तरचा मुलगा, मशीनच्या नादी

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. चौदाव्या वर्षी जोसेफला डर्बीशायरमध्ये काकांच्या सूतगिरणीत धाडलं. पुढे मुलाने गिरणीचा धंदा सांभाळावा असा बेत होता. पोराचं लक्ष मात्र सुतात नव्हतं, सूत काढणाऱ्या मशीनमध्ये होतं. काही वर्षांत मशीनचा कोपरा न् कोपरा त्याला पाठ झाला, आणि एक गोष्ट खटकायला लागली. मशीनचे भाग ओबडधोबड आहेत, एकमेकांवर नीट बसतच नाहीत.

गिरणी सोडून तो मँचेस्टरला गेला, साधा कामगार म्हणून. १८२५ मध्ये लग्न झालं आणि मग त्याने लंडन गाठलं. तिथे हेन्री मॉडस्लेचा कारखाना होता. त्या काळी मशीन बनवणाऱ्यांसाठी मॉडस्लेकडे काम मिळणं म्हणजे आजच्या मुलाला एखाद्या मोठ्या टेक कंपनीत नोकरी लागण्यासारखं होतं. पुढे व्हिटवर्थने जोसेफ क्लेमंटकडेही काम केलं. क्लेमंटच्याच कारखान्यात चार्ल्स बॅबेजच्या गणिती यंत्राचे भाग बनत होते. हो, तोच बॅबेज, ज्याला आपण संगणकाचा जनक म्हणतो. म्हणजे संगणकाच्या पूर्वजाचे दातेरी चाकं जिथे घडत होती, तिथेच हा तरुण अचूकपणा शिकत होता.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला. वाफेच्या इंजिनाची शक्ती मिळेल अशी भाड्याची जागा घेतली आणि लंडनहून आलेला हत्यारं बनवणारा अशी पाटी लावली.

सपाट म्हणजे नक्की किती सपाट?

आता जरा डोकं चालवू. तुम्हाला लोखंडाची एक पाटी एकदम सपाट करायची आहे. सपाट झाली की नाही हे तपासायला दुसरी सपाट पाटी लागेल. ती सपाट आहे हे कशावरून? मग तिसरी हवी. पहिली सपाट पाटी आणायची कुठून?

उत्तर भारी आहे. तीन पाट्या घ्यायच्या. पहिलीवर निळा रंग अगदी पातळ लावायचा आणि दुसरी तिच्यावर टेकवायची. जिथे उंचवटा आहे तिथेच रंग लागतो. तेवढाच भाग हातातल्या धारदार पट्टीने खरवडायचा. आता दोनच पाट्या घेतल्या तर फसगत होऊ शकते. एक वाटीसारखी खोल आणि दुसरी तिच्यात बसेल अशी फुगीर झाली, तरी दोघी एकमेकींवर मस्त बसतील. पण तिसरी आली की ही लबाडी उघडी पडते. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी, अशा तिन्ही जोड्या जुळायच्या असतील तर तिन्ही पाट्या सपाटच असाव्या लागतात. दुसरा मार्गच नाही.

या पद्धतीचं बीज मॉडस्लेच्या कारखान्यात होतं. व्हिटवर्थने ती पक्की केली आणि १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत तिच्यावर निबंध वाचला. त्याआधी पाट्या एकमेकींवर पूड टाकून घासायचे. पूड नको तिथेही झिजवायची. खरवडण्याने फक्त उंचवटाच जातो. आपल्याकडे आजही टूलरूममध्ये सरफेस प्लेटवर निळा लावून स्क्रॅपिंग करतात, ते याच वाटेने आलं आहे.

हे लक्षात ठेवा. रायफलकडे गेल्यावर निळा रंग पुन्हा लागणार आहे.

प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा

तुम्हाला आठवतं का, एकेका कंपनीच्या फोनला वेगळा चार्जर लागायचा? एकाचा दुसऱ्याला चालायचा नाही. १८४० च्या आसपास इंग्लंडमध्ये स्क्रूची गत तीच होती. प्रत्येक कारखाना आपल्या मनाने आटे पाडायचा. एका कारखान्याच्या बोल्टचा नट हरवला की तो त्याच कारखान्याकडून बनवून घ्यायचा. मशीन दुसऱ्या गावात बंद पडलं तर बसा वाट बघत.

व्हिटवर्थने देशभरातल्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांची मापं घेतली आणि सरासरी काढली. १८४१ मध्ये त्याने तक्ता मांडला. आट्याचा कोन सगळीकडे ५५ अंश. कुठल्या जाडीला इंचात किती आटे, तेही ठरलेलं. पाव इंचाच्या स्क्रूला इंचात २०, अर्ध्या इंचाला १२. रेल्वे कंपन्यांनी हे उचललं आणि पुढच्या वीसेक वर्षांत ब्रिटनमधले बहुतेक कारखाने याच मापावर आले. जगातल्या पहिल्या राष्ट्रीय स्टँडर्डपैकी हे एक.

आपल्या घरात ते अजून आहे. नळाच्या फिटिंगला, जीआय पाइपला जे आटे असतात त्यांचा कोन ५५ अंशच असतो. प्लंबर जेव्हा अर्धा इंची नळ म्हणतो, किंवा मिस्त्री चार सूत म्हणतो, तेव्हा तो व्हिटवर्थच्याच जगात बोलत असतो. मोबाइलचा ट्रायपॉड उचलून बघा. वरचा स्क्रू पाव इंच जाडीचा, इंचाला २० आटे. हे माप व्हिटवर्थच्या तक्त्यात जसंच्या तसं आहे. पुढे अमेरिकेने कोन ६० अंशांचा घेतला, पण पाव इंचाला २० आटे हे गणित दोन्हीकडे तेच राहिलं.

पत्र्याचा तुकडा आणि इंचाचा दहा लाखावा भाग

सपाट पाटी झाली, स्क्रू झाला. या दोन्हींतून त्याने मोजण्याचं यंत्र बनवलं. १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनात त्याने आपली मशिनं आणि मोजमापाची कामगिरी मांडली, तेव्हा तज्ज्ञ मंडळी थक्क झाली.

यंत्राचं गणित साधं आहे. इंचाला २० आटे असलेला स्क्रू. तो फिरवायला २०० दात्यांचं चाक. ते फिरवणाऱ्या चाकावर २५० खुणा. वीस गुणिले दोनशे गुणिले अडीचशे, झाले दहा लाख. म्हणजे शेवटचं चाक एक खूण फिरवलं की टोक इंचाच्या दहा लाखाव्या भागाने सरकतं. आजच्या भाषेत हे अंतर सुमारे २५ नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा साधारण अडीच-तीन हजारावा भाग.

इतकं बारीक अंतर डोळ्यांना दिसणार कसं? त्याने डोळ्यांवर भिस्त ठेवलीच नाही. मोजायची वस्तू आणि यंत्राचं टोक यांच्यामध्ये पोलादाचा एक छोटा सपाट तुकडा धरायचा. टोकाची पकड पुरेशी असेल तोवर तुकडा लटकून राहतो. एक खूण मागे घेतली की तो स्वतःच्या वजनाने खाली पडतो. तो पडला की नाही, एवढंच बघायचं.

आता रायफल

१८५३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला अमेरिकेतले कारखाने बघायला पाठवलं. तिथे एकाच मापाचे, अदलाबदल करता येतील असे भाग मशीनवर बनताना त्याने पाहिले. १८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. ब्रिटिश सैन्याला लाखो रायफली हव्या होत्या. त्या वेळचे सरसेनापती लॉर्ड हार्डिंग. शाळेच्या इतिहासात हे नाव येतं, कारण ते आधी भारताचे गव्हर्नर जनरल होते. त्यांनी व्हिटवर्थला काम सांगितलं, की एनफिल्ड रायफल भराभर बनवणाऱ्या मशिनी तयार कर.

मोठी ऑर्डर होती. दुसरा कुणी असता तर लगेच कामाला लागला असता. व्हिटवर्थने उलट विचारलं, की ही नळी अशीच का? एवढीच जाडी का, आत एवढाच पीळ का? कुणाकडेच मोजून काढलेलं उत्तर नव्हतं. रायफली बनवणारे कारागीर पिढ्यानपिढ्या आपापल्या अंदाजाने नळ्या बनवत होते. मग तो म्हणाला, की अंदाजाची नक्कल लाखो वेळा करणारं मशीन मी बनवणार नाही, आधी प्रयोग करू द्या. स्वतःच्या मेहनतीचे पैसे त्याने मागितले नाहीत. सरकारने खर्च दिला आणि मँचेस्टरजवळ रशोल्मला त्याच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांब, बंदिस्त शूटिंग गॅलरी उभी राहिली. साडेचारशे मीटरपेक्षाही जास्त लांबीची ही इमारत कशासाठी? तर वारा लागू नये म्हणून. वारा असला की दोष गोळीचा की वाऱ्याचा हे कळत नाही.

पहिली गॅलरी वादळाने पाडली. ती पुन्हा बांधली आणि १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. वाटेत ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी त्यांतून आरपार जायची आणि भोकांवरून तिचा सगळा रस्ता दिसायचा. स्लो-मोशन कॅमेरा नसलेल्या काळातला हा स्लो-मोशन व्हिडिओच म्हणा.

पीळ किती हवा?

रायफलच्या नळीच्या आत गोल फिरत गेलेल्या खोबणी असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, वेग गेला की लडबडतो. गोळीचंही तसंच.

एनफिल्डची नळी .५७७ इंच रुंद होती. आतला पीळ ७८ इंचांत एक फेरा. नळी ३९ इंचांची. म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळी अर्धाच फेरा घ्यायची. व्हिटवर्थने एकेक गोष्ट बदलून पाहिली. पीळ वाढवत वाढवत तो एका इंचात एक फेरा इथपर्यंत गेला, फक्त काय होतं ते बघायला. शेवटी आकडे ठरले. नळी .४५१ इंच, आतून गोलाऐवजी षट्कोनी, पीळ २० इंचांत एक फेरा. गोळीचं वजन एनफिल्डएवढंच, सुमारे ३४ ग्रॅम, पण बारीक आणि लांब. लांब गोळी हवेला कमी अडते, वेग टिकवते. मात्र ती जितकी लांब तितका तिला सरळ ठेवायला जास्त पीळ लागतो. गोळीची लांबी आणि नळीचा पीळ यांची जोडी जमली पाहिजे, हे त्याने कागदावरच्या भोकांनी दाखवून दिलं.

१८५७ मध्ये हाइथच्या लष्करी शाळेत दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या केंद्रापासून सरासरी २७ इंच भरकटल्या. व्हिटवर्थच्या साधारण साडेचार इंच. १४०० यार्डांवर एनफिल्डचं मोजण्यासारखं काही उरलं नाही, व्हिटवर्थ मात्र निशाणावर लागत होती.

१८५७ हे साल वाचून तुम्ही थबकला असाल. मीही थबकलो. ज्या एनफिल्डच्या काडतुसाला गाय आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी आपल्याकडच्या छावण्यांत पसरली, मंगल पांडे ज्या वर्षी उठला, मेरठ ज्या वर्षी पेटलं, त्याच वर्षी त्याच रायफलची तिकडे कागदावर भोकं मोजत परीक्षा चालली होती. हाइथमध्ये कुणीतरी इंच मोजत होतं आणि इथे माणसं मरत होती. अचूकपणाची गोष्ट सांगताना हे विसरून चालणार नाही.

जिंकला, तरी हरला

एवढे आकडे समोर असताना सैन्याने व्हिटवर्थची रायफल घेतली का? नाही.

कारणं अगदीच खोटी नव्हती. त्या काळच्या दारूने नळीत काजळी फार बसायची. बारीक नळी लवकर भरायची आणि पुढून गोळी ठासणं जड जायचं. साध्या शिपायाने लढाईच्या धामधुमीत ते करायचं कसं? शिवाय किंमत एनफिल्डच्या कितीतरी पट. प्रयोगशाळेत भारी निघालेला फोन सामान्य माणसाच्या खिशात चालेलच असं नसतं, तसंच हे.

मान मात्र मिळाला. २ जुलै १८६० ला विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाला राणी व्हिक्टोरिया आली. ४०० यार्डांवर निशाण आणि पक्क्या लोखंडी आधारावर ठेवलेली व्हिटवर्थ रायफल. चापाला रेशमी दोरी बांधली होती. राणीने ती ओढली आणि गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. यात राणीच्या नेमाचा काहीच भाग नव्हता, सगळी कमाल रायफलची आणि आधाराची. आमच्या कोचने टेबलावर तेच केलं होतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने या रायफली थोड्या संख्येने विकत घेतल्या आणि निवडक नेमबाजांना दिल्या. काहींवर डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने बनवलेली दुर्बीण बसवलेली असायची. हा डेव्हिडसन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात होता. ९ मे १८६४ ला स्पॉटसिल्व्हेनियाला उत्तरेचे जनरल जॉन सेजविक लांबून आलेल्या गोळीने पडले. ती गोळी बहुधा व्हिटवर्थचीच होती असं मानतात. मँचेस्टरच्या बंदिस्त गॅलरीत कागदाला पडलेल्या भोकांचा हा शेवट.

आणि ज्या सैन्याने नाही म्हटलं त्याचं काय? १८७१ मध्ये ब्रिटिशांनी मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. नळी .४५ इंचांची, आतून बहुकोनी, पीळ २२ इंचांत एक फेरा. नाव वेगळं, पण आकडे जवळपास व्हिटवर्थचेच.

पुढचं आयुष्य

व्हिटवर्थ रायफलवर थांबला नाही. तोफा बनवल्या, त्यात विल्यम आर्मस्ट्राँगशी मोठी स्पर्धा झाली. पातळ पोलाद थिजत असताना त्यावर प्रचंड दाब देऊन आतले हवेचे बुडबुडे काढायची पद्धत त्याने आणली. १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, १८६९ मध्ये बॅरोनेट. स्वभावाने मात्र हट्टी. सरकारी समित्यांशी त्याचं क्वचितच जमलं.

मला सर्वांत आवडलं ते हे. १८६८ मध्ये त्याने वर्षाला ३,००० पौंड बाजूला काढून १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अट अशी, की मुलाला पुस्तकी विज्ञानही यायला हवं आणि हाताने हत्यारही चालवता यायला हवं. स्वतः कामगार म्हणून सुरुवात केलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोमध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये कलादालन आणि उद्यान उभं राहिलं, तिथल्या इस्पितळालाही मोठी मदत झाली. आणि गंमत बघा, १८९७ मध्ये त्याची कंपनी जन्मभराच्या प्रतिस्पर्ध्याच्या कंपनीत मिसळली. नाव झालं आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ.

मग फॅक्टरी रायफल अपग्रेड करताना काय शिकायचं?

व्हिटवर्थच्या रायफलला बोल्ट नव्हता, गोळी पुढून ठासावी लागायची. तरी आजच्या बोल्ट-ॲक्शनला त्याचा क्रम तंतोतंत लागू पडतो. कोचशी बोलून मी तो असा लावला आहे.

१. आधी मोजा. रायफल पक्क्या आधारावर ठेवा, दहा गोळ्यांचे किमान तीन-चार गट मारा. पसारा रायफलचा की तुमचा हे आधी कळू द्या. ५० मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. रायफल आधारावरूनच त्याबाहेर जात असेल तर हातांना दोष देऊन उपयोग नाही.

२. मग काडतूस. .२२ मध्ये एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. नळीला कुठला लॉट मानवतो हे मारूनच कळतं. सर्वांत स्वस्त अपग्रेड हेच.

३. मग स्क्रू. दस्ता आणि यंत्र जोडणारे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कवर सारखे आवळा. अंदाजाने आवळलेला स्क्रू दर वेळी वेगळा ताण देतो.

४. मग बैठक. यंत्र दस्त्यात सगळीकडे सारखं टेकतं का? नसेल तर राळेने बैठक भरून घेतात, त्याला बेडिंग म्हणतात. बोल्टच्या टोकाचे जे दात नळीमागे अडकतात, ते दोन्ही सारखे टेकतात का हेही जाणकार कारागीर रंग लावून बघतो. तोच निळा रंग, तीच जुनी युक्ती.

५. मग चाप, साइट, गालाचा तुकडा. यांनी रायफल अचूक होत नाही, माणसाला ती नीट चालवता येते. म्हणून आधी रायफलचा दोष काढायचा, मग यांच्यावर खर्च. मी भावाला नेमकी इथूनच सुरुवात करायला लावली होती.

६. नळी सर्वांत शेवटी. नवी नळी घ्यायचीच असेल तर पीळ आणि गोळी यांची जोडी बघा. .२२ लाँग रायफलला साधारण १६ इंचांत एक फेरा असतो. मोठ्या काडतुसांत लांब गोळी वापरायची तर पीळ जास्त लागतो. नळीचं पुढचं तोंड, म्हणजे क्राउन, खरचटलं असेल तर तेही गोळीला भरकटवतं. कधीकधी तेवढंच दुरुस्त केलं की नळी बदलावी लागत नाही.

आणि महत्त्वाचं. आपल्याकडे अशा रायफलला शस्त्र परवाना लागतो. आतल्या कामाला घरी हात लावू नका, परवानाधारक कारागीर आणि क्लबचा कोच यांनाच विचारा. शिकायचं असेल तर क्लबच्या एअर रायफलपासून सुरुवात करा.

भावाने आता एक वही घातली आहे. तारीख, काडतुसाचा लॉट, स्क्रूचा टॉर्क, भोकांचा पसारा, सगळं लिहितो. मागच्या महिन्यात त्याचा स्कोअर पहिल्यांदा हलला. मामाने अजून चाळीस हजारांचा विषय काढलेला नाही. पुढच्या बिलाच्या वेळी मीच काढणार आहे, अर्धे मी देईन म्हणून.

तोवर एक काम करा. आज मोबाइलचा ट्रायपॉड हातात आला तर स्क्रूवरचे आटे पट्टी लावून मोजा. अर्ध्या इंचात दहा भरतात का बघा. भरले, तर तुम्ही व्हिटवर्थचा तक्ता तपासलात. आणि फोन असो वा आणखी काही, पुढचं अपग्रेड करण्याआधी असंच एकदा मोजून बघा.